शिकाऊ डॉक्टरांची विचारपूस कोणी केली?

२२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवून डॉक्टरांचा गौरव केला. पण त्यांच्यात अजून डॉक्टर किंवा नर्स न झालेली आपली पोरेही होती. त्यांची विचारपूस कोणी केली काय?

टाळेबंदी होताच वसतिगृहे रिकामी झाली आणि बाहेरगावी शिकणारी चिखलीकडची मुले घरी परतली. रोग्याला हात लावून शिकण्याची विद्या मोबाईलच्या काचेवर शिकविली जाऊ लागली. आमची एक जुनी विद्यार्थिनी, लोहाराची लेक, नर्सिंगला होती. रेंजसाठी ती गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसे. ऐरणीला हात न लावता लोहार होत नाही, हे बापाला सांगावे लागत नव्हते. वसतिगृह बंद, तरी त्याची फी मागितली गेली. परीक्षा लांबली, पण सावकाराचे व्याज काही लांबले नाही. पोरीची झोप उडाली. घरच्यांना वाटे, पोरगी आळसावली!

पुढे दुसरी लाट आली. ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने ठरविले की, इंटर्न मुलांना करोनाच्या कामावर लावावे व शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून सौम्य रोग्यांवर देखरेख करवावी. शंभर दिवस राबणाऱ्यास सरकारी भरतीत अग्रक्रम देऊ, असेही सांगितले. इकडे १८ एप्रिलची नीट-पीजी परीक्षा ११ सप्टेंबरला झाली व पुढील प्रवेश आरक्षणाच्या दाव्यात जानेवारी २०२२ पर्यंत अडकले. तोवर पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर आलेच नाहीत. तीन जोड्यांचे औत दोन जोड्यांनी ओढले. याचा दोष मागासवर्गाच्या माथी मारणारेही निघाले. पण जवळजवळ पाच महिने तर साथीनेच आधी खाल्ले होते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही इतर मागासवर्गाचे २७ टक्के आरक्षण ग्राह्यच धरले. असो.

सेवेला आमची घरे भीत नाहीत. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह रोग्यांची सेवा केली व १० मार्चला त्याच रोगाने देह ठेवला. आमचा प्रश्न एवढाच की, विशीतल्या पोराने मृत्यूमागून मृत्यू पाहिले, तर रात्री त्याने कोणाशी बोलावे? बापाशी तर ते बोलत नाही. कर्ज काढून शिकविले, आता रडतोस काय, हे ऐकावे लागेल याची त्याला धास्ती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली, तिचा क्रमांक १४४१६. तो पोराच्या वहीवर लिहून द्यावा. आणि कॉलेजात फी भरावयास जाल तेव्हा विचारावे, पुन्हा साथ आली तर आमच्या लेकराचे जेवण, निजणे, पाळी व विमा कोणाच्या जिम्म्यावर? उत्तर तोंडी घेऊ नये, लेखी घ्यावे.