घर विकावयाचें कीं रंग विकावयाचा?

आमच्या एका स्नेह्यांचें पुण्यांतील जुनें घर दोन वर्षें विकलें जाईना. त्यांनीं ओल धरलेल्या भिंतींवर नवा रंग चढविला, वास्तुपंडितांच्या सांगण्यावरून दरवाजा फिरविला, दिवाणखान्यांत झुंबर टांगलें. तरी गिऱ्हाईक फिरकेना! आम्हीं विचारलें, "गच्चीची गळती काढलीत काय?" उत्तर आलें, "तें घेणारा पाहून घेईल."

ह्याच वृत्तीवर आमचा आक्षेप आहे. घर झाडूनपुसून, रंगवून दाखवूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाण्याची वाट बंद केल्यावांचून दिलेला रंग पावसाळ्यांत पोपडे धरणारच. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम विक्रेत्यास बजावतें कीं, घेणाऱ्यास साधारण दक्षतेनेंही न दिसणारा, पण आपणांस ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्यानें उघड केला पाहिजे. आपण ज्यास चातुर्य म्हणतों, तें कायद्याच्या लेखीं कपट ठरतें!

मग घराची खरी शोभा कोणती? कोरडी भिंत, मोकळी उघडणारी खिडकी आणि वारसांचीं नांवें रीतसर चढलेली मिळकत पत्रिका. एवढें करूनही गिऱ्हाईक न मिळाल्यास किंमत कमी करावी, इमान नव्हे.