बंद कुणासाठी?

आई-बाबा सॅन फ्रान्सिस्कोला येणार म्हटल्यावर इथल्या एका मराठी काकांनी मला आधीच बजावलं होतं, "गोल्डन गेट पार्कच्या नादाला लागू नकोस. मुख्य रस्ताच बंद करून टाकलाय. बाबांच्या गुडघ्यांचं काय करशील?" काकांची काळजी खरी होती. माझं भांडण काकांशी नाही, त्यांच्या वाक्यातल्या 'बंद' या शब्दाशी आहे.

आधी हा 'बंद' रस्ता कोणता ते सांगते. पार्क लांबीला जवळजवळ पाच किलोमीटर, रुंदीला पाऊण-एक किलोमीटर. पूर्वेचं टोक शहरात, पश्चिमेचं थेट पॅसिफिकच्या वाळूत. मधून जॉन एफ. केनेडी ड्राइव्ह जातो. १९६७ पासून तो दर रविवारी मोटारींविना असायचा. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात, त्याचा पूर्वेकडचा सुमारे अडीच किलोमीटरचा भाग सगळेच दिवस मोटारमुक्त झाला. २०२२ मध्ये शहराच्या सुपरवायझर मंडळाने ते कायम केलं. विरोधकांनी प्रश्न मतपेटीत नेला, तर नोव्हेंबरमध्ये साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनीही तेच कायम केलं.

आता तिथे काय 'बंद' आहे ते बघा. शनिवारी सकाळी अकराला आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक लहान मुलगी सायकल शिकत होती आणि तिचे वडील वाकून मागे धावत होते. दोन चिनी आज्या हात मागे बांधून भराभर चालल्या होत्या. पिवळ्या लाकडी खुर्च्यांवर माणसं पेपर वाचत बसली होती. पुढे चौकात स्केटिंगवाल्यांचा नाच चालू होता. व्हीलचेअरवरचे एक गृहस्थ रस्त्याच्या मधूनच चालले होते, कारण कडेला सरकायची गरजच नव्हती. मी माणसं मोजायला लागले आणि थोड्याच वेळात नाद सोडला. याला आपण 'रस्ता बंद' म्हणतो.

मी सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या धंद्यात डिफॉल्ट नावाची चीज फार बलवान असते. जे डिफॉल्ट असतं ते कुणाला दिसत नाही. ते बदललं की मात्र 'आमचं काहीतरी काढून घेतलं' अशी तक्रार येते. रस्त्याचं डिफॉल्ट मोटार आहे. म्हणून मोटार थांबली की रस्ता बंद, आणि मोटार सोडून बाकी सगळे थांबले की रस्ता चालू.

अतिशयोक्ती वाटत असेल तर मुंबईकडे बघा. कोस्टल रोडचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. त्यावर दुचाकीला मनाई, रिक्षाला मनाई, सायकलला मनाई, पायी चालणाऱ्याला तर प्रश्नच नाही. समुद्रात भराव घालून, सगळ्यांच्या पैशांतून बांधलेला रस्ता. शेजारच्या फिरायच्या वाटेचा मोठा भाग लोकांना खुला झाला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे मोटारींनंतर सुमारे दीड वर्षाने. या शहरात बहुसंख्य लोक लोकलने, बसने आणि पायी फिरतात. तरीही मथळे होते 'कोस्टल रोड खुला'. 'कोस्टल रोड बहुतेकांसाठी बंद' असं कुणी छापलेलं मी तरी वाचलं नाही.

आता काकांच्या गुडघ्यांच्या मुद्द्याकडे येते, कारण विरोधकांचा सगळ्यात जड दगड तोच आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काय, अपंगांचं काय? हा प्रश्न टिंगलीवारी न्यायचा नाही. बाबा सदुसष्ट वर्षांचे, दोन्ही गुडघे झिजलेले. अर्धा किलोमीटर चालले की बाक शोधतात. पण हेच बाबा मिरजेत पंचवीस वर्षं सायकलवर कामाला जात होते. पार्कजवळच्या दुकानातून मी दोन ई-बाइक भाड्याने घेतल्या. "अगं, विजेची सायकल म्हणजे लुनाच की," असं म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं. पहिली पाचेक मिनिटं दोन्ही पाय जमिनीला टेकत टेकत गेले. मग पायडल मारलं की मोटर हलकेच पुढे ढकलते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते माझ्या पुढे निघून गेले.

आईला सायकल येत नाही. ती चालत रोझ गार्डनपर्यंत गेली, गुलाबांच्या पाट्या वाचत बसली आणि परतीला पार्कची फुकटची बस पकडून आली. आम्ही बापलेक उतारावरून पश्चिमेला गेलो. पुढे काही भागात गाड्या होत्या, तिथे कडेने, एकामागे एक. वाटेत कुंपणातले गवे लागले, मग जुनी डच पवनचक्की, मग समुद्र. परतीचा चढ त्या गुडघ्यांना साध्या सायकलने झेपला नसता. मोटारीतून हेच सगळं वीस मिनिटांत 'दाखवून' झालं असतं, आणि बाबांनी ते काचेतून पाहिलं असतं.

मान्य आहे, सगळ्यांचे बाबा सायकलवर बसू शकत नाहीत. भाडंही स्वस्त नाही. शहराच्या आग्नेयेकडच्या गरीब वस्त्यांतून इथे बसने यायला फार वेळ लागतो, ही तक्रार रास्त आहे. पण तिचं उत्तर चांगली बस हे आहे. संग्रहालयांच्या चौकाखाली आठशे गाड्यांचं वाहनतळ आहे, अपंगांसाठी राखीव जागा आहेत. त्या कमी पडत असतील तर वाढवा, मी सही करायला येते. मात्र पूर्वी या रस्त्यावरच्या बऱ्याचशा गाड्या पार्कात थांबतही नसत, शहरात जायचा आडमार्ग म्हणून नुसत्या पार व्हायच्या. त्यांनी आजी-आजोबांच्या आडून बोलू नये.

दोन शब्द आमच्या ई-बाइकवाल्यांनाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे साध्या ई-बाइकची मोटर ताशी ३२ किलोमीटरपर्यंत जोर देते. म्हणून तेवढ्या वेगाने लहान मुलांमधून पळवायची नसते. एक तरुण बाबांना घासून असा गेला की त्यांचं हँडल लटपटलं. मोटारीला हाकलून तिच्या जागी तिचा धाकटा भाऊ बसवायचा असेल तर एवढी मतदानं कशाला घेतली? चालणाऱ्याला मागे वळून बघावं लागता कामा नये, बाकीच्यांनी वेग त्या हिशेबाने ठेवावा.

हे भांडण मिटलेलं नाही. पार्कच्या पश्चिम टोकाला समुद्रालगतच्या ग्रेट हायवेचा सुमारे तीन किलोमीटरचा तुकडा नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाने कायमचा मोटारमुक्त झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये तिथे 'सनसेट ड्यून्स' हे उद्यान सुरू झालं. या बदलाची बाजू घेणारे तिथले सुपरवायझर जोएल एन्गार्डिओ यांना त्यांच्याच प्रभागातल्या मतदारांनी सप्टेंबर २०२५ मध्ये पदावरून खाली खेचलं. म्हणजे असा रस्ता माणसांना द्यायचा तर खुर्ची जाऊ शकते. आपल्याकडे किती नगरसेवक ही जोखीम घेतील?

दीडशे वर्षांपूर्वी इथे नुसत्या वाळूच्या टेकड्या होत्या. पार्क वाढवणारे जॉन मॅक्लॅरेन १८८७ पासून १९४३ पर्यंत त्याचे प्रमुख होते. 'गवतावर पाय ठेवू नका' अशा पाट्यांचा त्यांना तिटकारा होता. पार्क पायांसाठी असतं, हे त्यांना कळत होतं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला. "काय, बंदच होता ना रस्ता?" काकांनी विचारलं.

"छे हो," बाबा म्हणाले, "चांगला समुद्रापर्यंत चालू होता. उद्या परत जातोय."