दिव्यातच अंधार!

जूनमध्ये मी माझ्या सेकंडहँड हॅचबॅकला गिफ्ट दिलं. पांढरेशुभ्र एलईडी बल्ब! मूळचे पिवळट ६०/५५ वॉटचे हॅलोजन काढून टाकले. दुकानातल्या पोराने वीस मिनिटांत काम उरकलं. वर म्हणाला, 'ताई, आता रात्रीचा दिवस होणार बघा.'

पहिल्याच मोठ्या पावसात डाव्या हेडलाइटला आतून घाम फुटला. आधी धुकं, मग थेंब, मग तळाशी चक्क चमचाभर पाणी. मी दुर्लक्ष केलं. (गाडी चालतेय ना? मग!) जुलैत एका रात्री बाबांना घेऊन साताऱ्याहून पुण्याला येत होते. खंबाटकीचा बोगदा संपला आणि पाऊस कोसळायला लागला. डाव्या दिव्याचा उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी नुसता पसरत होता. कडेने चालणारा रेनकोटवाला माणूस दिसला तो अगदी बॉनेटजवळ. स्टिअरिंग वळलं, वाचलो. बाबा घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅरेजवाल्या काकांनी दिव्यामागे हात घातला. 'रबराचं बूट कापलंय हो कुणीतरी!' एलईडीचा मागचा पंखा मावेना म्हणून त्या पोराने पाणी अडवणारं रबरच कापलं होतं. त्यात हॅलोजन काचेवर भरपूर उष्णता फेकतो, ओल सुकते. एलईडीची उष्णता बरीचशी मागच्या बाजूला जाते, काच थंडच राहते.

हेडलाइट तसा पूर्ण हवाबंद नसतोच. हवा खेळायला त्याला बारीक छिद्रं असतात. त्यामुळे काचेवर पातळ धुकं आलं आणि दिवे लावल्यावर गेलं, तर टेन्शन नको. पण थेंब ओघळत असतील, तर पाणी कुठून तरी शिरतंय. आणि प्लीज, सगळीकडे सिलिकॉन फासू नका. छिद्रं बुजली की आतली ओल आतच! तशीच राहिली तर रिफ्लेक्टरची चकाकी जाते, मग अख्खा हेडलाइट बदला.

काकांनी पाणी काढलं, हेअर ड्रायर कमी आचेवर लांबून फिरवला, नवं बूट बसवलं. आणि जुने हॅलोजन परत लावले, काचेला बोट न लावता. बोटाचं तेल लागलं की बल्ब लवकर जातो म्हणे. शिवाय हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा फोकस बिघडतो, तो समोरच्याच्या डोळ्यात जातो, हे लेक्चरही फुकट मिळालं.

परवा बाबा गाडीत बसायच्या आधी वाकून दोन्ही दिवे बघत होते. मी गुपचूप इंजिन सुरू केलं.