आजोबांच्या फियाटमध्ये नवं इंजिन टाकलं, तर ती रस्त्यावर चालवता येते का?

असा रील तुम्हीही पाहिला असेल. गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली प्रीमियर पद्मिनी. मग गॅरेज, वेल्डिंग, नवा रंग, रुंद टायर, एलईडी दिवे. शेवटी बॉनेट उघडतं आणि आत मारुतीचं इंजिन दिसतं. खाली कमेंटचा पाऊस पडतो: "भावा, खर्च किती आला?"

"पासिंगचं काय केलंस?" हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ही गाडी गेटबाहेर काढली की मालकाला दंड होऊ शकतो आणि तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 हे या विषयाचं मूळ. त्याचा साधा अर्थ असा: कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात तिची जशी नोंद झाली, त्याच्याशी विसंगत ठरेल असा मूलभूत बदल मालकाला करता येत नाही.

जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. मूळ रचना बदलणारे फेरफार चालणार नाहीत, असं कोर्टाने सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182अ नव्या रूपात आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. इंजिन वेगळं, छत कापलेलं, चेसिस वाढवलेली, म्हणजे हिशोब तिप्पट.

मग काहीच बदलायचं नाही का?

तसं नाही. साधारण तीन गट लक्षात ठेवा.

पहिला गट, चालणारे बदल: सीट कव्हर, टेप, आतली सजावट, झिजलेल्या भागाच्या जागी तसाच नवा भाग. यातून गाडीची मूळ रचना बदलत नाही.

दुसरा गट, परवानगी आणि नोंद घेऊन होणारे बदल: गाडीचा रंग बदलणं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवणं, खराब इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकणं. इथे आरटीओची मंजुरी लागते आणि आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक करायचं असेल, तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेलंच किट हवं, आणि ते तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असायला हवं.

तिसरा गट, अडचणीचे बदल: दुसऱ्या कंपनीचं वेगळ्या ताकदीचं इंजिन, छत कापून केलेली 'ओपन' गाडी, लांबवलेली चेसिस. इन्स्टाग्रामवर सर्वाधिक लाइक्स याच गटाला मिळतात.

कानठळ्या बसवणारा सायलेन्सर हे तर वेगळंच प्रकरण. आवाज आणि धुराच्या नियमभंगासाठी कलम 190 खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरणं, इतकं सगळं होऊ शकतं.

"पण माझी गाडी व्हिंटेज आहे!"

इथे बहुतेकांची गफलत होते. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. त्यानुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. नवा नंबर दिला तर त्यात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

म्हणजे 1974 ची पद्मिनी वयात बसते, 1985 ची नाही. लोक जिला 'क्लासिक' म्हणतात, ती कायद्याच्या भाषेत बऱ्याचदा फक्त 'जुनी' गाडी असते.

वय बसलं तरी दोन अटी उरतात. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि ती रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

खरा पेच इथे आहे. गाडी मूळ रूपात ठेवली तर व्हिंटेजचा मान मिळतो, पण रोजचा वापर जातो. रोज वापरता यावी म्हणून आधुनिक इंजिन आणि ब्रेक बसवले, तर तो मान जातो आणि साधी नोंदणीही अडचणीत येते. या मधल्या गाड्यांना, म्हणजे 'रेस्टोमॉड'ना, वेगळा कप्पाच नाही.

साधी नोंदणी चालू ठेवली तर?

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ही फी 10,000 रुपये केली. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. या तपासणीत इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहतात. रस्त्यावर पोलिसांच्या नजरेतून सुटलेलं इंजिन इथे सापडू शकतं.

अपघात झाला तर?

दंडाची पावती हा लहान धोका आहे, विम्याचा मोठा. गाडीतले बदल विमा कंपनीला कळवले नसतील, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. समोरच्याला इजा झाली तर थर्ड पार्टी विम्यात कंपनीला हात झटकण्याची कारणं कायद्याने मोजकी ठेवली आहेत. पण मूळ गाडीचे ब्रेक आणि दुप्पट ताकदीचं इंजिन असेल, तर निष्काळजीपणाचा प्रश्न थेट तुमच्यावर येतो.

गाडी विकत घेताना किंवा काम काढताना

आधी आरसी हातात घ्या आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, इंधन, सीट संख्या प्रत्यक्ष गाडीशी जुळवून पाहा. "नंतर करून देतो" या गॅरेजवाल्याच्या शब्दावर पैसे देऊ नका. आधी आरटीओची लेखी मंजुरी, मग काम, मग आरसीवर नोंद, मग विमा कंपनीला पत्र, हा क्रम पाळा. कामाची बिलं जपून ठेवा.

जुनी गाडी जपणाऱ्यांना सुरक्षित ब्रेक आणि कमी धूर सोडणारं इंजिन हवं असेल, तर तो काही गुन्हेगारी हेतू नाही. तपासणी करून अशा गाड्यांना मान्यता देणारा वेगळा मार्ग असावा, ही मागणी रास्त आहे. पण तो मार्ग होईपर्यंत आरसीवर जे लिहिलंय तीच तुमची गाडी. बाकी सगळं रीलपुरतं.