तीस वर्षांपलीकडचे शेत

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत एका शेताची खरेदी कोरून ठेवलेली आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे भिक्खूंसाठी कोरवून घेतले आणि तिथे राहणाऱ्यांच्या पोटाची सोय व्हावी म्हणून शेत विकत घेऊन दिले. विकणारा ब्राह्मण, नाव अश्विभूती, वाराहीचा मुलगा. मोबदला चार हजार काहापण, तोही आधी अक्षरी आणि मग अंकी. शेत विकणाऱ्याकडे आले ते बापाकडून. ठिकाण, नगराच्या शिवेवर वायव्येला. या गोष्टीला सुमारे एकोणीसशे वर्षे झाली.

धंद्याची खोड जात नाही. हा लेख पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा माझ्या मनात आधी शंकाच आल्या. मिळकत वडिलार्जित, मग अश्विभूतीला भाऊ होते की नव्हते? त्यांची संमती? क्षेत्र दिलेले नाही, चतुःसीमा नाही, नुसती दिशा. पण जे आहे ते पाहा: लिहून देणार, लिहून घेणार, विक्रेत्याची ओळख पटावी म्हणून आईचे नाव, मोबदला, आणि मालकी कशी आली याचा खुलासा. आज टेबलावर येणाऱ्या कित्येक मसुद्यांत हा शेवटचा खुलासा 'मालकी व कब्जेवहिवाटीची' एवढ्या ठोकळ शब्दांवर भागवलेला असतो.

त्याच लेण्यात उषवदाताचा आणखी एक लेख आहे, ठेवींचा. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार काहापण ठेवले: दोन हजार एकीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवला, असे शेवटी सांगितले आहे. नोंदवला यासाठी तिथला शब्द 'निबध' असा आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पाटीवरचा शब्द याच धातूतून आला आहे, आणि त्याची इतकी जुनी साक्ष शहराबाहेरच्या डोंगरावर उभी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

आता तिसऱ्या लेण्यात या. गौतमीपुत्र सातकर्णी नहपानाचा पाडाव करतो आणि राज्यवर्ष १८ मध्ये गोवर्धनच्या अमात्याला हुकूम देतो की, कखडी गावातले, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत भिक्खूंना द्यावे. सहा वर्षांनी, वर्ष २४ मध्ये, दुसरा हुकूम निघतो. ते शेत कसले जात नाही, गावही ओसाड आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. म्हणजे जुन्या धारकाचे नाव, क्षेत्र, बदलाचे कारण, बदली जमीन, सगळे ओळीने आले. याला फेरफार म्हणायचे नाही तर काय? अश्विभूतीकडून घेतलेले शेत आणि कखडीचे शेत एकच का, हे मात्र या लेखांवरून ठरत नाही, कारण एका लेखात दिशा आहे, दुसऱ्यात गाव. साखळीतली एक कडी गळाली की काय होते, हे रोज अनुभवणाऱ्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

एवढे लांबून सुरू केले ते तीस वर्षांच्या सर्चबद्दल बोलण्यासाठी.

तीस या आकड्याला मुदतीच्या कायद्याचा आधार आहे. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला १९०८ च्या कायद्यात ६० वर्षे होती, १९६३ च्या कायद्याने ती ३० केली. सरकारच्या दाव्यालाही ३०. पुढे बँकांच्या छापील नमुन्यात हा आकडा जाऊन बसला आणि आपल्या हाताला त्याचे वळण पडले. आज सर्चला बसणारा वकील १९९० च्या दशकाच्या मध्यावर येऊन थांबतो, 'मिळकत निर्वेध व बोजारहित' असे लिहितो आणि फी घेतो. मुंबईतल्या सदनिकेसाठी ते चालूनही जाईल. नाशिक जिल्ह्यातल्या शेतजमिनीसाठी चालत नाही, कारण इथल्या जमिनीचे दुखणे तीस वर्षांच्या अलीकडे फारसे नाहीच.

तारखा एकदा लावून पाहा. परगणा व कुलकर्णी वतने खालसा झाली १ मे १९५१ ला. कृषक दिन १ एप्रिल १९५७. त्या दिवसापासून कुळे मालक मानली गेली आणि कुळकायद्याच्या कलम ४३ ची अट जमिनीला चिकटली. कनिष्ठ ग्रामवतनांचा कायदा १९५८ चा. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर कलम ३६-अ चे बंधन आले ६ जुलै १९७४ ला, आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली अशी हस्तांतरणे परत करण्याचा कायदा त्याच्या पाठोपाठ. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इथे काम करणाऱ्याने या सतरा वर्षांचे दस्त न पाहता दाखला देणे म्हणजे आजाऱ्याची नाडी सोडून चपला तपासणे आहे. यातली एकही तारीख तीस वर्षांच्या सर्चमध्ये सापडत नाही.

सात-बारावर शेरा असेलच की, असे कोणी म्हणेल. हाताने लिहिलेला सात-बारा दर दहा वर्षांनी नव्याने लिहिला जाई. त्या प्रत्येक पुनर्लेखनात 'इतर हक्क' या रकान्यातली एखादी ओळ गळून जाऊ शकते, आणि गळल्या आहेत. 'नवीन व अविभाज्य शर्त' हे शब्द एका दशकात आहेत आणि पुढच्यात नाहीत, मधे शर्त उठवल्याचा फेरफारही नाही, अशी प्रकरणे आपण सगळ्यांनी हाताळली आहेत. शेरा गळाला म्हणून शर्त गळत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने आकाराच्या ४० पट रक्कम भरून कलम ४३ मधून सुटायची वाट काढून दिली, पण ती वाट धरायची तर आधी शर्त होती हे कळायला हवे. न्यायालयांनी 'वाजवी मुदती'च्या आधारे काही जुने व्यवहार वाचवले आहेत हे खरे. त्या वाजवीपणावर अशिलाची आयुष्यभराची कमाई मी तरी लावणार नाही.

मग मागे जायचे कसे? गट नंबरवरून इंडेक्स टू उघडला की एकत्रीकरण योजनेच्या सालाशी वाट बंद होते. योजना गावोगाव वेगवेगळ्या साली लागू झाली, त्यापूर्वीचे सगळे सर्व्हे नंबरावर. तिथे गट स्कीमचा उतारा लागतो. पुढे जुना सात-बारा, त्याआधीचे हक्काचे पत्रक (हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा), आणि त्याहीमागे बंदोबस्ताचे दप्तर: फैसल पत्रक, शेतवार पत्रक, टिपण, गुणाकार बुक. याच्या जोडीने दुय्यम निबंधकाकडचे पुस्तक क्रमांक एक. नोंदणीचा पहिला सर्वदूर कायदा १८६४ चा, म्हणजे वही दीडशे वर्षांच्या पलीकडे जाते. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हे पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कोणीही पाहू शकतो. तरी 'इतके जुने कशाला' हा प्रश्न खिडकीपलीकडून नव्हे, आपल्याच सहकाऱ्यांकडून ऐकावा लागतो.

त्या वहीत एक सापळा आहे, त्यावर थोडा वेळ काढतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा असला तरी मुंबई इलाख्याला तो लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून. त्याआधीची खरेदी नोंदलेल्या कागदाशिवायही होऊ शके. तेव्हा १८८० मधला दस्त सापडला नाही एवढ्यावरून मालकी लंगडी ठरवू नका. तिथे कब्जा आणि खातेदाराचे नाव पाहायचे. त्यानंतरही शंभर रुपयांखालच्या खरेदीला नोंदणी सक्तीची नव्हती. नव्याण्णव रुपयांचे कागद वाचकांनी पाहिले असतीलच, त्या काळी सगळ्या जमिनी एका रुपयाने स्वस्त होत्या! आणि मुदत खरेदी. १९२९ च्या दुरुस्तीने, जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात असली तरच त्याला गहाण मानावे असे ठरले. त्याआधी सावकार खरेदीखत एक करी आणि परतीचा करार वेगळ्या कागदावर देई. वहीत खरेदी दिसते, होते गहाण. म्हणून १९३० पूर्वीचे खरेदीखत हाती आले की त्याच दिवशीचा, त्याच पक्षकारांमधला दुसरा दस्त शोधायचाच. भाव आजूबाजूच्या खरेद्यांच्या निम्मा असेल, किंवा विकणाराच पुढे खंडाने कसत असेल, तर शोध सोडू नका.

अमेरिकेत जुन्या जमिनींचा माग काढणे हा मोठा छंदही आहे आणि व्यवसायही. तिथल्या काउंटी कचेऱ्यांत देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा नावांच्या सूच्या असतात; नाव लागले नाही की अभ्यासक शेजाऱ्यांचे दस्त काढून त्यांच्या चतुःसीमा एकमेकांना जुळवतो. अमुक ओकच्या झाडापासून तमुक दगडापर्यंत, अशा त्या सीमा. आपल्याकडे मिळकतवार सूची कायद्यानेच ठेवली आहे, म्हणजे काम त्यांच्याहून सोपे. मॅनहॅटन बेट १६२६ मध्ये साठ गिल्डरांना घेतले ही कथा जगभर फिरते, पण त्या खरेदीचे खत हाताशी नाही. आधार आहे तो त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरच्या एका डच पत्रातल्या ओळीचा. आपल्या कामाची गोष्ट मात्र ओनायडा लोकांची. न्यूयॉर्क राज्याने १७९५ मध्ये त्यांच्याकडून एक लाख एकर घेतले, आणि मूळ रहिवाशांची जमीन केंद्राच्या संमतीशिवाय घेऊ नये हा कायदा तेव्हा पाच वर्षांचा झाला होता. १९८५ मध्ये, म्हणजे १९० वर्षांनी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा चालू शकतो असे ठरवले. पुढे २००५ च्या निकालाने अशा दाव्यांना बरीच वेसण घातली, पण तोवर दोन काउंट्यांची झोप उडाली होती. आपले कलम ३६-अ आणि तो कायदा एकाच कुळीचे आहेत.

राहिली मोडी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे दस्त बहुतांश मोडीत, शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्वदीर्घ नाही, रकमा आणे-पैच्या खुणांत. शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. बिघा दिसला की वीस पांडांचा धरा, आणि एकरात आणण्याआधी मोजणीचे टिपण पाहा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा सरकारलाच मोडी वाचक हुडकावे लागले. त्या धावपळीत ज्यांनी लिपी शिकून घेतली त्यांना आज काम पुरते. पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात; तरुण वकिलांनी एक उन्हाळा त्यात घालावा. भाड्याच्या वाचकावर विसंबणारा 'गहाण' आणि 'लहान' यांतला फरक स्वतः तपासू शकत नाही.

लिपीबरोबर कागदही वाचायला शिका. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, त्यापूर्वी मुद्रांक विलायतेत छापले जात. राजाचा चेहराही बोलतो. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पुढे १९३६ पर्यंत पाचवा जॉर्ज. १९०८ चा दस्त पाचव्या जॉर्जच्या मुद्रांकावर असेल तर पुढे वाचू नका. तीस वर्षांच्या जुन्या कागदाला पुराव्याच्या कायद्याने (पूर्वीचे कलम ९०, आता साक्ष अधिनियमाचे ९२) जे अनुमान दिले आहे ते योग्य ताब्यातून आलेल्या कागदाला आहे. तो कोणाच्या पेटीतून निघाला, हे अहवालात लिहा.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या शेतजमिनीचा शोध अहवाल १ एप्रिल १९५७ च्या मागून सुरू व्हावा आणि त्याच्या पहिल्याच पानावर शोध कुठून सुरू केला, कुठे थांबवला आणि का, हे तीन ओळींत असावे. वही फाटलेली होती, वाळवीने खाल्ली होती, मिळाली नाही, जे असेल ते. फी वाढेल. वाढू द्या.

पुढच्या अंकापासून दरमहा एक मोडी खरेदीखत लिप्यंतरासह छापत आहोत. तुमच्याकडे असतील तर पक्षकारांची नावे आणि नंबर झाकून छायाप्रती पाठवा. दस्ताची मागची बाजूही पाठवा. नोंदणीचा शेरा आणि मुद्रांक विक्रेत्याची नोंद बहुधा तिथेच असते.