डोळ्यातलं इंजेक्शन : भीती नको, चालढकल नको

मैत्रिणींनो, मधुमेह असलेल्या सासूबाई “सुईत दोरा ओवता येईना, अक्षरं वाकडी दिसतात” म्हणू लागल्या, की आपण मोतीबिंदू समजून गप्प बसतो. पण दोष डोळ्याच्या मागच्या पडद्याचा असू शकतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, पडद्याला सूज येते. चष्मा बदलून ती जात नाही.

त्यावर रॅनिबिझुमॅबसारखं औषध डॉक्टर डोळ्यात टोचतात. ऐकूनच अंगावर काटा येतो ना? पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. काम काही मिनिटांचं. 2015 पासून भारतीय बनावटीचंही मिळतं, ते स्वस्त पडतं.

मात्र एका इंजेक्शनात भागत नाही; सुरुवातीला बहुधा दर महिन्याला घ्यावं लागतं. हदगावहून नांदेडला किती खेटे घालायचे, म्हणून “आता बरं दिसतंय” म्हणत मध्येच सोडू नका. सूज पुन्हा येते, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही. टोचल्यावर डोळा फार दुखला, लाल झाला, अंधूक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि हो, तुम्हालाही मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. घरच्यांचं करता करता आपलं राहून जातं!