आधी क्रेडिट लिहून द्या, मग फोटो लावा

कुठल्याही बऱ्यापैकी कॉलेजच्या दर्शनी भागात एक फोटो हमखास लावलेला असतो. प्राचार्य, शेजारी परदेशी पाहुणा, टेबलावर दोन छोटे झेंडे आणि सामंजस्य करारावर चाललेल्या सह्या. प्रवेशाच्या दिवसांत पालकांना तो आवर्जून दाखवतात आणि सांगतात, ‘आमच्याकडे एक सेमिस्टर परदेशात करता येतं.’ विद्यार्थ्यांना हे अर्ज भरायला मी वर्षानुवर्षं मदत करत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो: हे आश्वासन बहुतेक ठिकाणी फसवं आहे. मुलगा जातो, शिकतो, परीक्षा देतो आणि परत आल्यावर त्याचं सेमिस्टर मोजायला कुणी तयार नसतं.

युरोपने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. १९८७ साली तिथे इरॅस्मस योजना सुरू झाली. निघण्यापूर्वी विद्यार्थ्याने ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ करायचं असतं. पहिल्या तक्त्यात तिकडे घ्यायचे विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते विषय सुटणार ते. खाली विद्यार्थी, इकडची संस्था आणि तिकडची संस्था अशा तिघांच्या सह्या. ठरलेले विषय पास झाले की क्रेडिट जमा. परत आल्यावर कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

आपल्याकडे काय होतं ते सांगतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षातली एक मुलगी, जर्मनीतल्या विद्यापीठाने निवडलेली. हीट ट्रान्सफर, कंट्रोल सिस्टिम्स, मशीन डिझाइन असा एकेक विषय आम्ही तिकडच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहिला, दुसरा तक्ता पेन्सिलने भरला आणि विभागप्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला, पेन्सिलचं सगळं खोडलं आणि कोऱ्या तक्त्याखाली सही केली. म्हणाले, “जाऊ दे तिला. परत आली की बघू. उद्या विद्यापीठाने हरकत घेतली तर मान माझी अडकेल.” ती परत आली तेव्हा त्या खुर्चीवर दुसरे गृहस्थ होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, “तुला जायला सांगितलं कुणी?” जर्मनीत चांगल्या गुणांनी सोडवलेले विषय तिने ज्युनियर मुलांबरोबर बसून पुन्हा दिले. एटीकेटी लागलेल्या मुलाला जे भोगावं लागतं, ते तिला हुशारीबद्दल भोगावं लागलं.

‘नियमात बसत नाही’ हे ठरलेलं उत्तर आहे आणि ते खोटं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यापीठात मिळवलेली क्रेडिट योग्य तिथे पदवीसाठी धरायला मोकळीक दिली आहे. २०२२ च्या यूजीसी नियमावलीने ट्विनिंग कार्यक्रमात ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेतून घेण्याची सोय केली. स्वायत्त कॉलेजांची तर स्वतःची अभ्यास मंडळं आहेत. समकक्ष विषयांची यादी एका बैठकीत मंजूर होऊ शकते. ती होत नाही, कारण सही केली की जबाबदारी येते आणि ती कुणालाच नको असते.

दुसरी सबब गणिताची. ‘त्यांचे तीस क्रेडिट, आमचे वीस-बावीस, जुळणार कसे?’ युरोपात पूर्ण सेमिस्टर ३० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. आपल्या क्रेडिट आराखड्यातही एका क्रेडिटला ३० तासच धरले आहेत. म्हणजे तिकडे मूल कमी शिकून येत नाही. पूर्ण सेमिस्टरच्या बदल्यात पूर्ण सेमिस्टर धरायला अडचण कसली?

खरी अडचण वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपलं सत्र जुलैच्या आसपास सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षेला येतं. तिकडचं एक सेमिस्टर केलं की इकडची दोन मोडतात: पहिल्याची परीक्षा हुकते, दुसऱ्याची ७५ टक्के हजेरी भरत नाही. करार करणाऱ्यांनी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून पाहिली असती, तर परतणाऱ्यांसाठी वेगळी परीक्षा ठेवता आली असती. पाहतो कोण?

पैशांचं ऐका. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर पर्यटकाचा शेंगेन व्हिसा चालत नाही, त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. जर्मनीसाठी सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो खर्चाची सोय दाखवावी लागते. सहा महिन्यांचे सुमारे सहा लाख रुपये होतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे, एका सेमिस्टरला ती मिळत नाही. इरॅस्मसच्या पैशांतून भारतीय विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्ती मिळू शकते, तिकडची ट्यूशन फी माफ असते. पण त्यासाठी करार लागतो आणि नाव आपल्या संस्थेने पाठवावं लागतं. शुक्रवारी संध्याकाळी लागलेली नोटीस आणि सोमवारी संपणारी मुदत मी पाहिली आहे. ज्याच्या काकांची ऑफिसात ओळख असते त्याचा अर्ज तयार असतो. लातूरहून आलेल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला बातमी मंगळवारी कळते. या पोकळीत मग एजंट शिरतो आणि जी फी करारानुसार माफ झाली असती ती बापाच्या ठेवी मोडून भरायला लावतो.

माझ्या मागण्या तीन आहेत आणि तिन्हींना फारसा पैसा लागत नाही. प्रत्येक करारासोबत समकक्ष विषयांची मंजूर यादी कॉलेजने जाहीर करावी. निवडीची नोटीस किमान दोन महिने आधी लावावी आणि निवडीचे निकष त्याच कागदावर छापावेत. परतलेल्या मुलांची हुकलेली परीक्षा एका महिन्यात घ्यावी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून ठेवावा आणि माहितीपत्रकातली ओळ खोडावी.

विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे: व्हिसाची अपॉइंटमेंट घेण्याआधी, तिकीट काढण्याआधी, बँकेत जाण्याआधी दुसरा तक्ता भरून, सही-शिक्क्यासह हातात घ्या. ‘परत आल्यावर बघू’ असं कुणी म्हणालं, तर हेच वाक्य लेटरहेडवर लिहून मागा. लिहून देत नसतील, तर त्या करारावर एक रुपयाही खर्च करू नका.